सिगारेट कधी सोडली?

पक्षाघाताच्या झटक्यातून सावरलेल्या शिंप्याला रक्त पातळ करायची गोळी चालू होती. दाढी करताना जरासं कापलं, तर रक्त थांबेना. बायकोने त्याला तसंच दवाखान्यात नेलं.

रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त फारच पातळ झालंय. सिगारेट सोडली की या गोळीचा जोर वाढू शकतो, मग डोस कमी करावा लागतो. एवढ्यात सोडलीत का?"

"छे हो, वर्ष झालं," बायको अभिमानाने म्हणाली. "झटका आला त्याच दिवशी सोडली. नंतर हातसुद्धा लावला नाही."

"मग कारण दुसरंच असणार. बऱ्याच तपासण्या कराव्या लागतील, सुया टोचून."

जन्मभर सुयांशी खेळलेल्या शिंप्याला घाम फुटला.



बायकोकडे न बघता तो पुटपुटला, "खरी गेल्या महिन्यात सोडली."