कपाटातलं रोपटं

कर्रर्र... कपाटाचं दार आपलं आपणच किलकिलं झालं आणि आईनं श्वास रोखला. बोका नुकता कुठे झोपला होता. महिन्याचं पोर, पण झोप मांजराची, म्हणून सगळे त्याला बोकाच म्हणत. खिडकीला जाड पडदा, टेबलावर तिचं झाकून ठेवलेलं ताट. आता दोन घास पोटात जातील, असं तिला वाटत होतं.

दार लावायला गेली आणि थबकली. खालच्या कप्प्यात, चादरींच्या शेजारी, घेवड्याचं रोपटं. बोका घरी आला त्याच दिवशी भिंगरीनं फुटक्या कपात पेरलेलं.

"भिंगरे, हे इथे कुणी ठेवलं?"

सहा वर्षांची भिंगरी पाय न वाजवता आली. "मीच. बाई म्हणाल्या, पानं दिवसभर उन्हात स्वयंपाक करतात. दमत असतील ना गं? तू कशी पडदा लावून पडतेस, तसं झोपवलं त्याला."

"कधी?"

"रविवारी."

आज शुक्रवार होता.

आईनं कप बाहेर काढला. पानं पिवळी, खोड दोऱ्यासारखं बारीक.

"मेलं का गं?" भिंगरीनं कपात वाकून पाहिलं.

"नाही गं. हे बघ." खोड चांगलं वीतभर लांबलं होतं आणि शेंडा नेमका दाराच्या फटीकडे वळला होता. उजेड तो केवढा, धाग्याएवढा! पण अंधारात चाचपडत पठ्ठ्या तिथवर पोचला होता. "ऊन ही त्याची चूल. तू तीच विझवलीस."

पडदा सारला तर बोका उठणार. आईनं एकदा ताटाकडे पाहिलं आणि पडदा सर्रकन ओढला. ऊन घरभर झालं. बोक्यानं भोकाड पसरलं. कप खिडकीत ठेवून ती तिथेच त्याला पाजायला बसली.

भिंगरी विचारात पडली. "पानं उन्हाचं जेवण करतात. ते शेंगांत जातं. शेंगा तू खातेस, दूध बोका पितो. म्हणजे बोका ऊनच पितो की!"

"हो गं बाई, गाळून गाळून."

भिंगरी हसली नाही. त्या पिवळ्या खोडावरून ती हलकेच बोट फिरवत होती.

"पण आई, कपाटात चूलच नव्हती. मग उपाशीपोटी एवढं लांब व्हायला त्यानं बळ कुठून आणलं?"

आईनं पिवळ्या पानांकडे बोट केलं. "अंगात साठवलेलं होतं ना, तेच मोडून." टेबलावरचं ताट तसंच झाकलेलं होतं, आणि बोका चुटूचुटू पीत होता.