मेढीभोवतीचे बैल

"अणू तुम्हाला खरंच समजला असेल तर त्या बाईला समजावून दाखवा," निजामाच्या तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, साहेब म्हणाले आणि त्यांनी खिडकीतून बोट केलं.

हरिबाच्या हातातला खडू थांबला. बाहेर लिंबाखाली साखराबाई बसली होती. त्याची आई.

साल एकोणीसशे पंचवीस. बीडच्या शाळेत सायन्सचा मास्तर नेमायचा होता. उमेदवार एकेक करून वर्गात धडा घेऊन दाखवत होते आणि हरिबाची पाळी शेवटची होती. नांदूरघाटच्या मेंढरं राखणाऱ्या घरातून हैदराबादेला जाऊन शिकलेला तो पहिलाच. त्याला शिकवताना बघायचं म्हणून साखराबाई दोन दिवस चालून आली होती. फाटकापाशी तिला बघताच तो ओशाळला होता. "माय, तू झाडाखाली बस. कुणी इचारलं तर माझी हायस म्हणून सांगू नको." ती नुसतं "बरं" म्हणाली होती.

शिपायानं तिला आत आणलं. ती दाराशीच खाली बसली. पदर सारखा करून म्हणाली, "सांगा, मास्तर."

पोटच्या पोराला तिनं परक्यासारखी हाक मारली. हरिबाला ती झोंबली. पुस्तकातले शब्द त्याच्या डोक्यातून गेले आणि घरचे तोंडात आले.

"समदं जग बारीक बारीक अणूंचं बनलंय, बाई. आधी शहाण्यांना वाटलं, अणू म्हंजी गच्च दाणा. फुटत न्हाई, तुटत न्हाई. मग एकानं सांगितलं, त्याच्यात आणखी बारीक कण हायत, टरबुजात बिया असत्यात तसे. मग त्याच्याच हाताखाली शिकलेल्यानं सोन्याच्या वर्खावर कणांचा मारा केला. बहुतेक आरपार गेले, पर एखादा उलटा माघारी आला. म्हंजी आत सारी मोकळी जागा, आन् मधोमध एक लहानसा जड गाभा. खळ्यात मधी रोवलेली मेढ असती ना, तसा. बारीक कण त्याच्याभोवती फिरत्यात, मळणीच्या बैलांवानी."

साखराबाई डोळे बारीक करून ऐकत होती. साहेबांनी विचारलं, "समजलं?"

"समजलं. पर एक इचारू का?" ती म्हणाली. "फिरून फिरून बैलाचा जोर जातो. जोर गेला की त्यो आत सरकतो, मेढीकडं. आत चाल कमी पडती ना. मग ह्यांचा जोर जात न्हाई का? गेला तर समदे मधी येऊन आदळत्याल. जग उभं कसं ऱ्हायलं?"

साहेबांनी चष्मा काढला. ते खुर्चीतून अर्धे उठले होते.

"ही बाई कोण आहे?"

"कुणी न्हाई, साहेब," साखराबाई घाईनं म्हणाली. "मेंढरं राखते. सावलीला बसलते."

हरिबाला कळत होतं. गप्प राहिलं तर नोकरी जवळजवळ हातात होती. बोललं तर सगळं ठरवून केलेलं वाटणार होतं. त्यानं खडू टेबलावर ठेवला.

"माझी आई हाय, जनाब. साखराबाई तिचं नाव. तिला भाईर मीच बसवलं हुतं. लाज वाटली म्हणून."

साहेबांचा चेहरा ताठ झाला. "म्हणजे सवाल पढवून आणलात?"

"पढवला असता तर जवाबबी पढवला असता. तिला जवाब ठावं न्हाई."

"तुम्हाला ठाऊक आहे?"

हरिबा साहेबांकडं नाही, आईकडं वळला. "माय, त्यांचे रस्ते ठरलेले हायत. दोन रस्त्यांच्या मधी उभं ऱ्हायला जागाच न्हाई. एकावरून उडी मारून दुसऱ्यावर जायाचं, बस. आन् सगळ्यात आतल्या रस्त्याच्या पलीकडं आत रस्ताच न्हाई. म्हणून आदळत न्हाईत."

"आन् असं कावून?"

"त्ये अजून कुणालाच नीट उमगलं न्हाई. शोधायलेत. उद्या हे चित्रबी बदलंल."

साखराबाईनं मान डोलावली, जणू आता हिशेबात बसलं. साहेबांनी दौत ओढली, हरिबाच्या अर्जावर नेमणुकीच्या दोन ओळी लिहून सही केली आणि अर्ज शेजारी बसलेल्या हेडमास्तरांपुढं सरकवला. मग ते टेबलाला वळसा घालून दाराशी आले.

"बाई, विलायतेतले मोठमोठे विद्वान ह्याच सवालापाशी अडून बसले होते. दोन वर्षं."

साखराबाईनं पहिल्यांदाच वर बघितलं. साऱ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"अडतीलच की, साहेब. त्यांच्यापाशी माझा हरिबा कुठं हुता?"