एका मिनिटाचा गृहपाठ

सततच्या काळजीवर उपाय म्हणून पनवेलच्या डॉक्टर मॅडमनी कुमारकाकांना गृहपाठ दिला होता. रोज एक मिनिट, जे चांगलं वाटेल त्यात रमायचं. काकांनी महिनाभर तो केलाच नाही.

"काका, चहासुद्धा चांगला लागत नाही का हो?" मॅडमनी विचारलं.

"लागतो ना. म्हणून तर अर्धा टाकून उठतो." काका म्हणाले. "बायको, सुनंदा, घराबाहेर पडली की मी दर पंधरा मिनिटांनी फोन करायचो. त्या दिवशी करंजाला माहेरी निघताना म्हणाली, 'आज तरी निवांत बसा.' बसलो. अख्खा हापूस चवीनं खाल्ला. तेवढ्यात तिची रिक्षा उलटली नि ती गेली."

"त्याचा आंब्याशी काय संबंध, काका?"

काकांनी हात जोडले.



"नसेलही मॅडम. पण आता मला फक्त मुलगीच उरलीय."