आतली कडी

कॉलेजचं हॉस्टेल सोडून घेतलेल्या पहिल्यावहिल्या खोलीसाठी तिने जुन्या बाजारातून स्वस्तातलं कपाट आणलं. हमाल हसला, “ताई, हे याच खोलीतून उचललेलं. आधीच्या मुलीने मातीमोल भावाने विकलं.” फरशीवरच्या जुन्या डागांवर कपाटाचे पाय चपखल बसले. तो गेल्यावर कपाट आतून पुसताना ती थबकली. मग हसत आईला फोन लावला. “कपाटाला आतून कडी! कपड्यांना लाज वाटते की काय?” आई हसली नाही. “आणि खोलीच्या दाराला?” दारावर कडीच्या जागी नुसती स्क्रूची भोकं होती. घरमालक म्हणाले होते, “लेकीसारखी तू, भीती कसली? दुसरी किल्ली आहे माझ्याकडे.” तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. ना हाक, ना टकटक. ती कपाटात शिरली. कडी जराही न कुरकुरता सरकली. आधीच्या मुलीने तेल घालून ठेवलं होतं.