मागच्या बाकावरच्या मॅडम

प्राध्यापकांनी कसं शिकवावं हे प्राध्यापकांना शिकवायला विद्यापीठानं २००५ साली आमच्या जुन्नरच्या कॉलेजात हर्षाली मॅडमना धाडलं. त्या रोज ऋषी सरांच्या तासाला मागच्या बाकावर बसायच्या, सरांकडे टक लावून बघायच्या. तास सुटला की दोघं कॅन्टीनमध्ये चहा घेत बोलत बसायचे. सर बिनलग्नाचे, मॅडमही. ही बातमी राजुरीला सरांच्या आईच्या कानावर जायला कितीसा वेळ लागतोय, राव!

शनिवारी सरांच्या आई साळुबाई पोह्यांचा डबा घेऊन थेट वर्गातच आल्या.

"आठवडाभर बघितलंस न्हवं पोरी? मंग सांग, पोरगा पसंत हाय का?"

सर फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. आम्ही पोरं बाकाखाली तोंड लपवून हसत होतो.

मॅडम गडबडल्या. "अहो मावशी, तुमचा गैरसमज झालाय. सरांचं कुठं चुकतं ते मी बघते, त्यांना सांगते आणि ते सुधारतात का यावर लक्ष ठेवते. एवढंच माझं काम."

साळुबाईंनी डब्याचं झाकण काढलं आणि डबा मॅडमपुढं सरकवला.



"मंग बायकू आणिक येगळं काय करती?"