झारा

"हलू नकोस!" सूर्यकांत ओरडला.

सुहासिनी स्वयंपाकघराच्या दारात झारा हातात धरून उभी होती. समोरच्यांची सातवी विकेट पडली तेव्हा ती योगायोगाने तिथे होती, म्हणून आता मॅच संपेपर्यंत तिथेच. घरचा नियम होता तो. कढईतलं तेल निवलं, पुऱ्या लाटून वाळल्या, तरी ती हलली नाही. लग्नाला बारा वर्षं झाली होती, सवय होती.

शारजाचं स्टेडियम घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. पण सूर्यकांत तिकडे फिरकत नसे. एकदाच गेला होता, त्या दिवशी आपले हरले. तेव्हापासून आपणच पनवती आहोत, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं. खिडकीतून लोकांचा गलका आधी येई, टीव्हीवर चौकार मागून.

पाच ओव्हर, पन्नास रन, तीन विकेट. मॅच खिशात होती.

घड्याळात साडेपाचला पाच कमी होते. दर शुक्रवारी साडेपाचला गावाहून, देवरुखच्या बूथवरून त्याचे वडील नाना दोन रिंग देऊन फोन ठेवत. मग सूर्यकांतने उलट फोन करायचा, म्हणजे म्हाताऱ्याला पैसे पडत नसत. आज नानांना एकच उत्तर हवं होतं. मंगळवारी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन, तू येतोस ना? मागच्या शुक्रवारी सूर्यकांत छातीठोकपणे म्हणाला होता, "येतो म्हणजे काय, येतोच!" मग आठवडाभर तो रजा मागायला अजीजसाहेबांच्या केबिनपर्यंत गेला, आणि दारावरची पाटी वाचून परत आपल्या ड्रॉइंग बोर्डाशी येऊन बसला. पाटी आता तोंडपाठ झाली होती.

तो हळूच उठला, रिसीव्हर काढून बाजूला ठेवला आणि परत खुर्चीत बसला. मॅचमध्ये व्यत्यय नको, असं त्याने स्वतःला सांगितलं.

पुढच्याच बॉलला खिडकीतून गलका आला. सिक्स. मग वाइड. मग नो बॉल. त्यावर चौकार. पंचेचाळीस ओव्हर वाघासारखे लढलेले आपले बोलर शेवटच्या पाचात पार शेळ्या झाले. शेवटच्या बॉलला तीन हवे होते आणि त्या शहाण्याने छानपैकी फुलटॉस टाकला. खलास!

"कोण हललं?" सूर्यकांत गरजला.

"यू डिड, बाबा." जमिनीवर होमवर्क करणाऱ्या शुभ्राने मानही वर केली नाही. "फोनपाशी गेलात ना!" तिने हात लांबवून रिसीव्हर जागेवर ठेवला.

"फोनचं काय घेऊन बसलीस! या लोकांना ना, शेवटी बॉल हातात आला की घाम फुटतो. अरे, जमत नसेल तर तसं सांगा! सरळ सांगावं माणसाने, माझ्याच्याने नाही होणार. उगाच आधी फुशारक्या कशाला?"

फोन वाजला. दोन रिंग झाल्या, तीन झाल्या. थांबेचना. चौथ्या रिंगला त्याने उचलला.

"हरले ना रे?" नाना पैसे खर्चून बोलत होते. "इथे बूथवर टीव्ही आहे, बघितलं मी. मघापासून लावतोय, एंगेजच येतोय. म्हटलं पोरगा चिडून बसला असेल, आपणच बोलू. जेवलास का?"

"अजून नाही, नाना."

"जेव हो. आणि मंगळवारचं काय? डॉक्टर विचारतायत बरोबर कोण असणार म्हणून. मी तुझं नाव देऊन ठेवलंय."

टीव्हीवर तो फुलटॉस चौथ्यांदा दाखवत होते.

"हॅलो? हॅलो नाना? आवाज येत नाहीये हो तुमचा! लाइन खराब आहे!"

"मला तुझा अगदी स्वच्छ येतोय रे," नाना म्हणाले.

सूर्यकांतने रिसीव्हर खाली ठेवला. शुभ्राची पेन्सिल थांबली होती.

"आता हलू का मी?" दारातून सुहासिनीने विचारलं. "की अजून कुणी हरायचं राहिलंय?"