मुकादमाचं सोंग

शिवकन्यानं डोक्याला टॉवेल गुंडाळला, कोळशानं काढलेल्या मिशीवरून बोट फिरवलं आणि पोरांवर ओरडली, "चला, बसा गाडीत. कारखाना तुमच्यासाठी थांबणार न्हाई."

शाळेचा अख्खा व्हरांडा हसला. सगळ्यात मोठ्यानं हसला तो पुढच्या खुर्चीवर बसलेला तिचा बाप, बद्रीनाथ मुकादम. शेजारच्या रामहरीला कोपरानं ढोसत तो म्हणाला, "आमची शिवकन्या. मेन काम तिलाच दिलंय."

चौथीच्या वर्गात दर शनिवारी दप्तराला सुट्टी असायची. शिंगारे बाई त्या दिवशी काहीतरी नवं करून घ्यायच्या. एकदा पोरांनी मातीचे बैल केले, एकदा वर्गातच बाजार मांडला. या शनिवारचा विषय होता 'आमच्या घरचं काम'. दसरा होऊन गेला होता. पावसानं दगा दिल्यानं बाजरीची कणसं भरलीच नव्हती, प्यायचं पाणीसुद्धा आष्टीहून टँकरनं येत होतं. सोमवारी अर्धं गाव ऊस तोडायला निघणार होतं आणि त्यांच्याबरोबर वर्गातली निम्मी पोरंही. म्हणून जायच्या आधी बाईंनी आईबापांना बोलावलं होतं, आणि पाहुणा म्हणून बद्रीनाथला. पश्चिमेकडच्या एका सहकारी कारखान्याला गावातली ऊसतोड मजुरांची टोळी तोच पुरवायचा. काय दाखवायचं ते बाईंनी पोरांवर सोडलं होतं. त्या या भागात नव्या होत्या.

पोरं खडूनं आखलेल्या गाडीत बसली, उतरली, उसात शिरली. कोयत्याच्या जागी हातात लाकडी पट्ट्या होत्या. ज्वारीची वाळकी धाटं सपासप आडवी होत होती. मोळी बांधता बांधता एकाची चड्डी घसरली. बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

मग रुक्मिण पुढं आली. ही टोळीतल्या छबुबाईची थोरली लेक. तिच्या कडेवर चिंध्यांचं बाळ होतं.

"मुकादम, लेकरू लई तापलंय. दवाखान्यात नेऊ द्या."

शिवकन्यानं कमरेवर हात ठेवले. "आधी गाडी भर. लेकरं तापतच असत्यात."

"डोळे फिरवायलंय ओ."

"गाडी भरल्याबिगर कुणीबी हालायचं न्हाई."

रुक्मिणनं बाळ धाटांवर ठेवलं, मोळी डोक्यावर घेतली आणि चालू लागली. मागं वळून बघत बघत चालली.

व्हरांड्यातलं हसू विरलं. बद्रीनाथच्या तोंडावर मात्र ते अडकून बसलं होतं. कसं आवरावं त्याला कळेना. शब्द त्याचेच होते. गेल्या हंगामात गाडी रिकामी उभी होती, कारखान्याचा माणूस घाई करत होता आणि छबुबाई हात जोडून त्याच्यापुढं उभी होती. दिवस मावळल्यावर त्यानंच तिला आपल्या मोटारसायकलवर दवाखान्यात नेलं होतं. आजवर त्याला तेवढंच आठवायचं. कुणी विषय काढला तर तो तेवढंच सांगायचाही.

बाईंना वाटलं, पोरांनी मनानंच रचलंय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग पोरांनी वाजवल्या, जोरजोरात. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या छबुबाईच्या कडेवरचं पोरगं तेवढं आवाजाकडं वळलं नाही. त्या तापानंतर त्याला ऐकूच येत नव्हतं.

"मुकादम, मुलांना दोन शब्द सांगा," बाई म्हणाल्या.

बद्रीनाथ उठला. सभेत माईक हातात घेतला की न सोडणारा माणूस. "चांगलं केलं पोरांनी," एवढं कसंबसं बोलला, आणि खुर्चीवर बसायचं सोडून भिंतीकडं गेला. सगळे बघत होते. छबुबाईपुढं त्याची मान वर होईना.

"छबुबाई, मी तवा..."

"जाऊ द्या भाऊ." ती लेकराचं नाक पुसत होती. "सोमवारी गाडी किती वाजता येणार, तेवढं सांगा."

"तू औंदा नको येऊ. लेकराला मोठ्या दवाखान्यात दाखवू."

"आन खायाचं काय?"

तिनं टोचून विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. बद्रीनाथ हळूच म्हणाला, "पहाटं येईल गाडी." आणि ती मान हलवून रुक्मिणला हाक मारायला गेली.

घराकडं जाताना बाप पुढं आणि लेक मागं, असे दोघं चालले होते. एरवी तो तिला बोट धरून न्यायचा. शिवकन्यानं मिशी घासून घासून पुसली होती, त्यानं ओठापासून गालापर्यंत सगळं काळं झालं होतं. ओढ्याजवळ तो थांबला. तिच्याकडं न बघताच म्हणाला, "ते बोलणं तुला कुणी शिकवलं?"

"रुक्मिणनं. ती म्हणली, आस्संच म्हणायचं."

"मग तू दुसरं काम मागायचं. मुकादमच कशापायी झालीस?"

शिवकन्यानं टॉवेलाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"मुकादम व्हायला कुणी तयारच न्हवतं, दादा," ती बापाला म्हणाली. "बाईंनी लई इचारलं. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं."